काकूची लाखोली

नांदुऱ्याच्या घरी मुक्कामाला असले की मला कुणी उठवावं लागत नाही. पहाटेची गाडी स्टेशनात शिरताना लांब शिट्टी देते आणि माझे डोळे उघडतात. इंजिनं बदलली, कोळशाचा धूर गेला, माझे निम्मे दातही गेले. ही सवय मात्र जात नाही. आजही तशीच उठले. माझी चुलत बहीण शांता माझ्याही आधीची उठलेली, आत भांड्यांची खुडबुड चालली होती. खुंटीवरची बांबूची परडी घेतली आणि मागच्या दारानं परसात आले.

काकूला जाऊन दोन वर्षं झाली. पितृपंधरवड्यात तिच्या नावानं पान ठेवायचं म्हणून मी अकोल्याहून आलेय. शांताची ती आई, माझी काकू. पण मला विचाराल तर आई मला जेवू घालायची आणि काकू मला वाढवायची. तिच्या फोटोला बाजारातला झेंडूचा हार नको, तिच्याच हातच्या झाडांची फुलं घालावीत, असं काल झोपताना मनात आलं. म्हणून ही परडी.

अजून उजाडायचं होतं. जास्वंदीशेजारी धुणं धुवायचा जुना दगड आहे, त्यावर टेकले. अंधारात झाडं दिसत नव्हती, पण त्यांचे वास एकेक करून माझ्याकडे येऊन बसले. मेंदीच्या मोहोराचा जड गोड वास, अडुळशाचा कडवट, ओल्या राखेचा, भिंतीकडच्या तुळशीचा. आणि सगळ्यांच्या वर पारिजातक. डोळे बांधून कुणी आणून बसवलं असतं तरी मी कुठे आहे ते ओळखलं असतं.

परसू म्हणजे काही मोठी बाग नव्हे. घराच्या पाठीमागची जागा, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण आणि पलीकडे पिंजाऱ्याचं घर. आम्ही घाटाखालचे लोक. आमच्या विहिरीचं पाणी खारं. अंघोळ केली की अंगावर पांढरी रेघ उमटायची आणि डाळ दिवसभर शिजवली तरी आपला हट्ट सोडायची नाही. प्यायचं गोडं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून घागरीनं यायचं. सरकारदरबारी तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठ्या कचेऱ्या नागपूरला. पण नांदुऱ्यात खरं राज्य कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भोंग्याचं. वडील त्याच जिनात कापूस तोलायला होते आणि काका स्टेशनात पार्सलकडे. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की कापूस गावभर उडायचा. कुंपणाच्या काट्यांना कापूस, केसांत कापूस, वरणातसुद्धा एखादा धागा निघायचा. आई म्हणायची, आपल्या घरात मीठ विहिरीतून येतं आणि कापूस आभाळातून.

काकू घाटावरची, उंद्रीची. तिच्या माहेरी गोड्या पाण्याची विहीर. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची आणि गुलाबाची कलमं होती. ती तिनं मोठ्या हौसेनं लावली आणि ती एकामागून एक वाळली. खाऱ्या पाण्यानं पानांच्या कडा जळत गेल्या. काकू सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापाशी बसून राहायची. शेवटी आईच तिला म्हणाली, "वेणू, इथलं पानी सोसन तेच लाव. नाहीतं तू बी सुकशीन त्याहिच्या संगं." मग काकूनं जास्वंद लावली, कण्हेर लावली, शेवगा, हादगा, मेंदी. ही मंडळी खाऱ्या पाण्यावर रुसली नाहीत. काकूही हळूहळू रुळली.

तिला शांता झाली. नाव ठेवताना कुणाच्या मनात आलं नव्हतं, पण पोर नावाला जागली. चालायला लागली, धावायला लागली, हसायची खळखळून, रडायची गाव गोळा होईल अशी. पण शब्द नाही. तिच्या बरोबरीची पोरं शिव्याही द्यायला शिकली, तरी ही गप्पच. काका मुळातच मोजकं बोलणारे. लोक म्हणायचे, बापावर गेली. मग म्हणू लागले, नाव बदला. मग काहीच म्हणेनासे झाले आणि ते काकूला सगळ्यात जास्त लागलं. विहिरीवर बायका बोलता बोलता शांता आली की विषय बदलायच्या.

एक आवाज मात्र शांता काढायची. सकाळी ऊन परसात उतरलं की ती या दगडावर येऊन बसायची. थोड्या वेळानं जास्वंदीवर अंगठ्याएवढा एक पक्षी यायचा. उन्हात निळा, सावलीत काळा. आम्ही त्याला फुलचुख्या म्हणायचो. शिंजीर हे त्याचं पुस्तकी नाव मला फार उशिरा कळलं. तो फुलाच्या देठापाशी उलटा लटकून बाकदार चोच आत घालायचा आणि शांता जीभ टाळूला लावून "टक् टक्" करायची. तो उडाला की तीही थांबायची. काकू चुलीपाशी बसून तो आवाज ऐकायची. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा, एवढंच.

शेजारी भागीरथीबाई राहायच्या. व्रतवैकल्यांचं सगळं शास्त्र त्यांच्या जिभेवर. आषाढात एकादशीच्या सुमारास काकू त्यांच्याकडे गेली आणि परत आली ती लाखोली बोलूनच. देवघरातल्या गणपतीला चातुर्मासात एक लक्ष फुलं वाहायची. त्यानं शांताला वाचा द्यायची.

भागीरथीबाईंनाही ते जरा चमत्कारिकच वाटलं होतं. आमच्या ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "पोरासाठी करतेत वं बाया लाखोली. पोरीसाठी कोनी केलेली मी नाही पाह्यली. पोरीची जीभ जरा उशिरा सुटली तं बरंच हाये की."

"पोरगी हाये म्हनून मुकी ठेवू का तिले?" काकू म्हणाली. एरवी वर मान करून न बोलणारी काकू.

मग भागीरथीबाईंनी नियम सांगितले. फूल सूर्य निघायच्या आधी तोडायचं. वास घ्यायचा नाही. जमिनीवर पडलेलं चालत नाही. "येक पारिजातकाचं तेवढं पडलेलं चालते, पन ते तुमच्या घरी हाये कुठं? अन् ध्यानात ठेव, माशी बसलेलं फूल देवाले नाही चालत. उष्टं होते."

त्या दिवसापासून आमच्या घरात उष्ट्याची भीती शिरली. मी तेव्हा आठेक वर्षांची. काकू मला अंधारात उठवायची, आम्ही दोघी परड्या घेऊन परसात यायचो. खरं सांगू, मला ते फार आवडायचं. दवानं भिजलेल्या कळ्या बोटांना गार लागायच्या. कण्हेरीचा चीक हाताला चिकटायचा. मधमाशी जागी व्हायच्या आत आपण सगळं गोळा करायचं, हा जणू तिच्याशी लावलेला डावच होता आणि आम्ही रोज जिंकायचो. उजाडेपर्यंत परसात औषधालाही फूल उरायचं नाही. देवघर मात्र फुलांनी असं भरायचं की गणपती शोधावा लागे. काकू एकेक फूल वाहायची, दर शंभराला ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायची आणि तिचे ओठ हलत राहायचे.

लाख फुलं म्हणजे काय चेष्टा आहे? आमचं परसू अपुरं पडू लागलं. मग तेरडा आला, गुलबक्षी आली, हादग्याची पहिली फुलं आली. पलीकडच्या पिंजाऱ्याची बायको, तिला आम्ही खाला म्हणायचो, तिचा कोहळ्याचा वेल कुंपणावरून आमच्या बाजूला उतरला होता. त्याची पिवळी फुलं काकूनं मागितली. खाला म्हणाली, "घे नं वैनी. पोरीचं काम हाये, विचारतं काय?" आम्ही ती रोज तोडू लागलो.

श्रावण संपत आला आणि एक दिवस खाला कुंपणापाशी उभी राहून वेल चाचपत म्हणाली, "वैनी, अवंदा कोहळं धरूनच नाही राह्यलं. येवढंसं दिसते अन् पिवळं पडून गळून जाते. माश्याबी कुठं गेल्या, काय मालूम." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. काकूनं हातातल्या परडीकडे पाहिलं आणि ती पदराआड केली.

तोपर्यंत परसू मुकं झालं होतं. माश्यांची गुणगुण नाही. तुळशीवर उडणारी पांढरी फुलपाखरं नाहीत. फुलचुख्या पहिले काही दिवस आला. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उड्या मारायचा, पानांच्या आड डोकवायचा, कुरकुरायचा आणि निघून जायचा. मग तोही यायचा थांबला. शांता दगडावर बसून राहायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत. तिचं टक् टक् कधी बंद झालं ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरात सगळे फुलं मोजण्यात गुंतले होते.

मग ती सकाळ आली. पूजा चालली होती, भागीरथीबाई शेजारी बसून फुलं वाहताना चुकतंय का पाहत होत्या. शांता आली, गणपतीपुढच्या ढिगातून तिनं एक तांबडं जास्वंद उचललं आणि पळाली.

"अवं, निर्माल्य! देवाचं फूल घेऊन पयाली पोरगी!" भागीरथीबाई ओरडल्या. काकू उठली, मीही उठले. दारात येऊन पाहिलं तर शांता जास्वंदीपाशी उभी. टाचा उंच करून ते फूल फांदीवर लावायचा प्रयत्न करत होती. एकदा पानाच्या बेचक्यात खोचलं, पडलं. पुन्हा उचललं, देठाला देठ लावून धरलं, हात सोडला, पडलं. तिसऱ्यांदा तिनं ते फांदीशी तसंच धरून ठेवलं आणि मान वर करून आभाळाकडे बघत उभी राहिली.

तो यावा म्हणून.

काकू दाराची चौकट धरून उभी होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं रडताना पाहिलीत, पण त्या दिवशी काकू रडली नाही, आणि तेच मला सगळ्यात लख्ख आठवतं. ती नुसती लेकीकडे बघत राहिली. शांताचा हात दुखायला लागला, तो तिनं बदलला आणि पुन्हा फूल धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूनं मला उठवलं नाही. सवयीनं मी उठले, परडी घेऊन बाहेर आले, तर ती या दगडावर बसलेली. मी जास्वंदीकडे हात नेला तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"काऊन वं काकू? लाखोली?"

"ऱ्हाऊ दे, पोरी."

त्या दिवसापासून घरात तो एकच शब्द ऐकू येऊ लागला. आई देवपूजेला दोन फुलं घ्यायला आली, ऱ्हाऊ दे. काका कानावर ठेवायला कण्हेरीचं फूल खुडायला गेले, ऱ्हाऊ दे. मी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला बसले, त्याही ऱ्हाऊ दे. काकू दिवसभर परसातच असायची आणि दिवसभर तेच म्हणायची.

भागीरथीबाईंना कळलं तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून आल्या. "अर्धी लाखोली टाकाची नसते, वेणू. देव कोपते. पोरीचं वाटोळं करशीन. दोन फुलं पाखराहीले ठेव अन् बाकीचे तोड, पन माशी बसाच्या आंधी!"

काकू खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, येक विचारू? माशीचं उष्टं देवाले चालत नाही म्हन्ता. मंग पंचामृतातला मध कोनाचा असते?"

भागीरथीबाईंनी कंबरेवरचे हात खाली घेतले. "घाटावरच्या लय शहान्या," एवढंच पुटपुटत त्या गेल्या आणि आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसली.

पण वाद जिंकला म्हणून भीती जात नाही. काकू ज्वारीच्या दाण्यांची वाटी गणपतीपुढे ठेवून बसायची. वाटी निम्मीही भरलेली नव्हती. तिला वाटायचं ते ती आईला बोलून दाखवायची: आपण पोरीची जीभ हातानं कापली तर नाही ना. फुलं झाडावर उमलत होती, सुकत होती, गळत होती. पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग माश्या आल्या. फुलचुख्या काही आला नाही.

आणि शांताला ताप भरला.

तो असा भरला की तिचे ओठ सुकून फाटले. दवाखान्यातलं लाल औषध दिलं, अडुळशाचा काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण सगळे परसाकडे बघत होते. खाला कुंपणावरून रोज विचारायची आणि तिच्या घरून दुवा फुंकलेलं पाणी यायचं. भागीरथीबाईही आल्या. त्या शांताच्या पायापाशी नुसत्या बसल्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं काकूला पुरलं.

दुसऱ्या सकाळी काकूनं माझ्या हातात परडी दिली. शांताला गोधडीत गुंडाळून कडेवर घेतलं आणि आम्ही परसात आलो. पोरीला घरात एकटं ठेवायला ती तयारच नव्हती. रात्री पाऊस झाला होता, मेंदी निथळत होती. जास्वंदीवर नुकतंच उमललेलं एक फूल होतं, अगदी समोर. काकू त्याच्यापुढे उभी राहिली आणि गणपतीशी बोलावं तसं बोलू लागली.

"तोडते रे बाप्पा. समदे तोडते. चुकलं माह्यं. हिले तेवढं उतार पाड."

शांताचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलेलं, डोळे अर्धवट. काकूची बोटं देठापर्यंत गेली.

"ऱ्हाऊ दे."

मला वाटलं काकूच म्हणाली. काकूला वाटलं मी म्हणाले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही. परसात तिसरं कुणी नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," शांता पुन्हा म्हणाली. आवाज घोगरा, कधी न वापरलेला. आणि तिनं गोधडीतून हात काढून आईचं मनगट धरलं.

काकू या दगडावर बसली. पोरीला छातीशी धरून ती हसत होती की रडत होती ते मला कळत नव्हतं आणि मला भयंकर रडू येत होतं. आई धावत आली, काका गंजीफ्रॉकवर आले, कुंपणापलीकडून खाला "या अल्ला" म्हणाली. सगळ्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं. पण शांताला झोप लागली होती.

ताप दोन दिवसांत गेला. औषधानं की कशानं, ते मला ठाऊक नाही आणि मी कधी कुणाला विचारलंही नाही.

पुढचे काही दिवस मात्र घरात नुसती करमणूक होती. शांताकडे शब्द एकच आणि तोच सगळीकडे कामाला यायचा. अंघोळीला बोलावलं, ऱ्हाऊ दे. भात वाढला, ऱ्हाऊ दे; ताट उचलायला गेलं तरी ऱ्हाऊ दे. भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळी आम्ही पोरी भुलाबाईपुढे गाणी म्हणायचो आणि मग झाकलेली खिरापत ओळखायची. आधीच्या वर्षी शांता नुसते ओठ हलवत बसायची. वासावरून तिला खिरापत सगळ्यांत आधी कळायची, पण सांगता यायचं नाही, मग माझा फ्रॉक ओढायची. त्या वर्षी कुणी "लाडू?" म्हटलं की ही जोरात "ऱ्हाऊ दे!" भागीरथीबाईंनी "करंजी?" म्हटलं तरी "ऱ्हाऊ दे!" त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हे पाहा, पोरगी बोलाले लागली तं पयले मलेच चूप करून राह्यली."

लाखोली काकूनं बुडवली नाही. गणपतीपुढे बसून तिनं सरळ बोलणी केली, मी ऐकली आहेत. "तुह्यं देनं मी ठेवत नाही. पन आता तोडून नाही देनार, पडलेलं देईन. तुले उशीर होईन. तेवढं चालवून घे." भाऊबीजेला उंद्रीहून मामा आले तेव्हा तिनं लुगडं घेतलं नाही. पारिजातकाचं रोप मागितलं. मामांनी ते पुढच्या खेपेला ओल्या पोत्यात बांधून, बैलगाडीनं घाट उतरून आणलं. खाऱ्या पाण्यावर ते जगणार नाही म्हणून काकू घागरी विसळलेलं गोडं पाणी त्याला घालायची. घरात कुणी पेल्यात घोटभर पाणी उरवलं तर तेही पारिजातकाचं. पाहुण्यालासुद्धा ती सांगायची, "उरलं तं फेकू नोका, इथी टाका."

आणि त्यानंतर तिची झाडं निवडायची पद्धतच बदलली. नवं रोप घरात आलं की तिचा एकच प्रश्न. काकांनी एकदा स्टेशनच्या माळ्याकडून रंगीबेरंगी पानांचं क्रोटन आणलं, कुंडीसकट, मोठ्या ऐटीत. काकू भोवती फिरून म्हणाली, "रंग झाक हाये. पन याच्यावर येते कोन?" क्रोटन मोरीपाशी परीक्षेला बसलं. कुणीही आलं नाही. काही दिवसांनी ते परत स्टेशनात गेलं. गुच्छासारख्या भरगच्च पाकळ्यांचं जास्वंद कुणी दिलं, तेही नापास. "हे फूल नाही बाई, हा दरवाजा लावलेला हाये. पाखरानं चोच कुठं घालाची?" साध्या पाच पाकळ्यांची जास्वंद मात्र तिनं कुंपणभर लावली. तुळशी दोन झाल्या. वृंदावनातली देवाची, तिच्या मंजिऱ्या खुडायच्या. भिंतीकडची माश्यांची, तिला हात लावायचा नाही. अडुळसा होता, सब्जा होता, एक बोर आपोआप उगवली ती राहिली. अंबाडीची दोन-चार झाडं भाजीसाठी खुडायची नाहीत, फुलू द्यायची. सुगीत ज्वारीची कणसं विणून ओसरीला टांगायची, ती चिमण्यांची. शेवगा फुलला की दिवसभर त्याच्यातून गुणगुण यायची आणि आई म्हणायची, वेणूच्या झाडाखाली बसलं की जिनात बसल्यासारखं वाटतं.

फुलचुख्या परत आला तो थंडीत. नुसता आला नाही, बायको घेऊन आला. ती दोघं कुंपणाला अडकलेला जिनातला कापूस ओढून नेत होती. त्यांनी घरटं बांधलं ते नेमकं आमच्या धुणं वाळत घालायच्या दोरीवर. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, आमचा कापूस, सगळं लोंबतं. पिल्लं उडून जाईस्तोवर आमची लुगडी, धोतरं खालाच्या अंगणात वाळली. गल्लीत लोकांना ते फार विचित्र वाटे. काकू म्हणायची, भाडेकरू आहेत, काय करणार. आणि शांता दगडावर बसून टक् टक् करायची. पुढे शब्द आले तरी तिनं ते सोडलं नाही.

शब्द आले, पण ती काही बोलकी झाली नाही. मोजकंच बोलते, बापासारखी. तिच्या लग्नात काकूच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, कारण पोरीनं नाव घेतलं. अख्खा उखाणा, सगळ्यांदेखत. तिचे यजमान मोताळ्याला मास्तर होते, आता दोघंही इथेच असतात. ते म्हणतात, आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि ऐकायचं हिच्याकडे. पाखरांना पाणी ठेवायचं काम मात्र दोघांचं.

एव्हाना उजाडलं होतं. परसू दिसू लागलं. काही झाडं गेलीत, काही नवी आहेत. नवी असली तरी काकूच्या परीक्षेत पास झालेलीच असणार. जिनिंग कधीच बंद पडलं, कुंपणाच्या जागी विटांची भिंत आली. खालाचा नातू भिंतीवरून कोहळ्याचा वेल इकडे सोडतो आणि आम्हाला कोहळं पाठवतो. हे सगळं बघत बसले असते तर दिवस गेला असता. मी उठले. जास्वंदीवर एक तांबडं फूल होतं, नुकतं उमललेलं, अगदी समोर. काकूच्या फोटोला शोभेल असं. मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे, अक्का."

शांता मागच्या दारात उभी होती, हातात पाण्याचं मातीचं ताट. केस सगळे पांढरे. आवाज तोच, थोडा घोगरा. मी हात मागे घेतला, पण मला जरा वाईट वाटलं. म्हटलं, "अवं, तुह्या मायच्याच फोटोले घेऊन राह्यली ना मी."

"तिले तोडलेलं चालत नाही," शांता म्हणाली.

एवढंच बोलून तिनं ताट भिंतीवर ठेवलं, पारिजातकाखाली गेली आणि खाली बसली. जमीन पांढरीशुभ्र झाली होती. मी परडी घेऊन तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी फुलं वेचू लागलो.

"लाखोली पुरी झाली का गं काकूची?" मी विचारलं.

शांतानं ओंजळभर फुलं परडीत टाकली. "मोजलंच नाही तिनं मंग," ती म्हणाली.

मीही मोजली नाहीत.